वऱ्हाड सापडत नव्हतं, म्हणून लिहिलं

आमच्या वाचनालयाच्या संगणकावर ‘वऱ्हाड’ असं टाइप केलं की निम्मी पुस्तकं यायची आणि निम्मी यायची नाहीत. न येणारी पुस्तकं कपाटात होती, दाखल नोंदवहीत होती, संगणकातही होती. क्रमांक टाकून नोंद उघडली की नाव स्वच्छ दिसायचं. नावानं शोधायला गेलं की गायब. यवतमाळ जिल्ह्यातल्या, दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यातल्या गावात वऱ्हाडचा इतिहास सापडू नये, वऱ्हाडी बोलीतल्या कविता सापडू नयेत, हे माझ्या मनाला फार लागलं. त्यातून पुढं एक लेख झाला. ग्रंथालय आणि तंत्रज्ञान या विषयाला वाहिलेल्या एका ऑनलाइन मासिकात तो आला. लेख येणं ही आनंदाची गोष्ट होतीच, पण तो तयार करून पाठवण्याच्या काळात माझ्या स्वतःच्या कामाकडं बघण्याची नजर बदलली. त्याविषयी लिहायचं आहे.

आधी थोडं त्या ‘वऱ्हाड’विषयी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडच्या नोंदी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसांनी केल्या. एकानं इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराची कळ ठरलेला कीबोर्ड वापरला, दुसरा इंग्रजी अक्षरांत उच्चारावरून टाइप करायचा. वाचन कक्षात पोलीस भरतीचा आणि एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं दिवसभर बसलेली असतात. त्यांच्यातला एक बीसीए झालेला. त्याला मी हे दाखवलं. त्यानं सापडणाऱ्या पुस्तकातला ‘वऱ्हाड’ आणि न सापडणाऱ्या पुस्तकातला ‘वऱ्हाड’ असे दोन्ही उचलून एकाखाली एक ठेवले आणि संगणकाला त्यातली चिन्हं मोजायला लावली. मग म्हणाला, “ताई, दिसते तं सारखंच, पण येकात सहा भरून राह्यले अन् येकात सात.”

तो अर्धा र, ज्याला आपण आडवा र म्हणतो, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देण्याच्या पद्धतीत, दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेत नुक्ता, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, त्याचा क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. दुसऱ्या वाटेत साधा र, हलन्त आणि त्यामागं न दिसणारं एक जोडचिन्ह, क्रमांक २००डी. दोन्ही वाटांनी पडद्यावर येणारं अक्षर हुबेहूब एक. ही दुसरी वाट युनिकोडनं जुन्या, २.० आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली आहे, म्हणजे तीही वैधच. माणसाला दोन्ही ‘वऱ्हाड’ एक. संगणकाला ते ‘आंबा’ आणि ‘चिंच’ इतके वेगळे.

कळल्यावर ते दुरुस्त करायचं ठरलं. वाचनालयापुरतं काम तेवढंच होतं.

लेखाची कल्पना माझी नव्हती. तालुक्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले, ग्रंथालयशास्त्र शिकवलेले एक सर अधूनमधून पेपर वाचायला येतात. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “हे लिहा. ‘दुसऱ्या’, ‘सातपुड्याच्या दऱ्या’, ‘शेतकऱ्यांचे’, असं नाव असलेलं पुस्तक महाराष्ट्रातल्या कोणत्या वाचनालयात नाही? त्या सगळ्यांची ही अडचण आहे आणि कोणाला ती आहे हे माहीतही नाही.” मला हे आधी सुचलं नव्हतं. ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द ज्या जिल्ह्यात रोज पेपरात येतो, तिथं मी फक्त ‘वऱ्हाड’पाशी थांबले होते. त्या संध्याकाळी ‘शेतकऱ्यांचे’ टाकून बघितलं. तेच. अर्धी पुस्तकं अंधारात.

ग्रंथालयात काम करणाऱ्यांनी आपल्या कामाविषयी इंटरनेटवर मोकळेपणानं लिहावं, ही रीत तशी जुनी आहे. अमेरिकेत १९९५ साली ‘डी-लिब’ मासिक निघालं, ते २०१७ पर्यंत चाललं. ब्रिटनमध्ये १९९६ पासून ‘एरियाडनी’. २००७ च्या डिसेंबरात ‘कोड फॉर लिब जर्नल’चा पहिला अंक आला. तंत्रज्ञानाशी झटणाऱ्या ग्रंथपालांनीच ते सुरू केलं आणि तेच ते चालवतात. सरांनी मला यांचे जुने अंक वाचायला लावले. सगळे फुकट उघडतात, हे मला मोठं वाटलं. आमच्याकडं शासनाचं अनुदान दोन हप्त्यांत येतं. त्यातून पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं भागवायची. वर्गणी भरून परदेशी नियतकालिक मागवणं या खात्यात कुठं बसणार? ते अंक वाचताना आणखी एक दिसलं. लिहिणारी माणसं मोठाल्या विद्यापीठांतली असली तरी लिहायची पद्धत कारागिराची होती. अडचण अशी होती, आम्ही हे करून बघितलं, हे जमलं नाही, हे जमलं, हा घ्या कोड. ‘विकसित भारतात ग्रंथालयांची भूमिका’ अशा थाटाचे लेख वाचून थकलेल्या मला ती भाषा फार जवळची वाटली.

अशा मासिकाला पूर्ण लेख पाठवायचा नसतो. आधी सारांश पाठवायचा. तोही विषय किती महत्त्वाचा आहे हे सांगणारा नको, तर आपण नेमकं काय केलं आणि वाचणाऱ्याला त्यातून काय उचलता येईल हे सांगणारा हवा. संपादक मंडळ तो वाचून ठरवतं. होकार आला की एक संपादक आपल्याबरोबर कामाला लागतो. माझा पहिला मसुदा सरांनी परत दिला. त्यात ग्रंथालयाचं समाजातलं स्थान होतं, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३१ सालची पंचसूत्री होती, डिजिटल युग होतं आणि ‘वऱ्हाड’ शेवटून दुसऱ्या वाक्यात होता. सरांनी त्याच्यावर पेन्सिलीनं गोल केला आणि म्हणाले, “हा इथून उचला अन् सगळ्यात वर ठेवा. बाकीचं राहू द्या.” पंचसूत्रीतलं चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा, तेवढं मी मनात ठेवलं. सारांशात त्याची गरज नव्हती, कारण आख्खं काम तेच होतं.

सारांश मंजूर झाला. मग लेख लिहायला बसले आणि संपादकांचे प्रश्न यायला लागले. माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रवासातला गाभा ते प्रश्न आहेत.

लेखात मी लिहिलं होतं की आमचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं आहे. त्यांनी विचारलं, म्हणजे काय? आता आपल्याकडं हे कोणी विचारत नाही. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा, त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग, पुस्तकं-वाचक-वर्तमानपत्रं-कर्मचारी यांच्या हिशोबानं दर्जा आणि दर्जानुसार अनुदान, गावातल्या नोंदणीकृत संस्थेनं वाचनालय चालवायचं आणि शासनानं मदत करायची. महाराष्ट्रात अशी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत. हे सगळं चार वाक्यांत लिहिताना मला पहिल्यांदा जाणवलं की ही केवढी मोठी रचना आहे आणि हिच्याविषयी बाहेर किती थोडं लिहिलं गेलंय. शेजारच्या गावात वाचनालय असणं आपण गृहीत धरतो. ज्यांच्याकडं फक्त शहरात ग्रंथालय असतं त्यांना ही गोष्टच नवी.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. न दिसणारं जोडचिन्ह सरसकट काढून टाकलं तर काम होत नाही का? उपाय सोपा दिसतो खरा. पण ते चिन्ह काढलं की उरतो साधा र आणि हलन्त, म्हणजे पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाणारा रफार. तो नुक्त्याच्या ऱ शी जुळत नाहीच. मग जुळावा म्हणून ऱ चाही र करून टाकला, तर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक होऊन बसतात. सातपुड्याच्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र हाती लागतो. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांचीही सरमिसळ. स्वयंपाकी वेगळे, विद्वान वेगळे. डवऱ्याचा फेर कसाही मारला की तणाबरोबर कपाशीही उपटते, तसलं हे. म्हणून आम्ही चिन्ह काढलं नाही, उलट दुसऱ्या वाटेनं लिहिलेला आडवा र पहिल्या वाटेवर आणला. र, हलन्त, जोडचिन्ह ही तिकडी दिसली की तिच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त.

हे उत्तर मला तोंडपाठ होतं असं नाही. प्रश्न आला तेव्हा त्या बीसीएवाल्या पोराला बसवलं, दोन्ही प्रकार करून बघितले, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ दोन्ही टाकून निकाल काढले, त्यांची चित्रं घेतली. आधी आम्ही जे केलं होतं ते बरोबरच होतं, पण का बरोबर होतं हे या प्रश्नामुळं कागदावर आलं. आणि ते कागदावर येणं गरजेचं होतं. उद्या वाशीमच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या वाचनालयात कोणी हे करायला बसलं तर त्याच्याही मनात पहिला तोच सोपा उपाय येणार.

मग त्यांनी विचारलं, असं फक्त याच अक्षराचं होतं का? याचं उत्तर शोधताना ॲ सापडला. ‘ॲड.’ लिहितो त्यातला. हा अख्खा ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी अ लिहून त्यावर अर्धचंद्र द्यावा लागायचा आणि आजही कितीतरी ठिकाणी तसंच टाइप होतं. म्हणजे वकील लेखकांची नावं, ‘ॲटलास’, ‘ॲनिमिया’, सगळी पुन्हा दोन राशींत वाटलेली. युनिकोडचं जे प्रमाणीकरण असतं, ज्यात र आणि खालचा नुक्ता वेगवेगळे लिहिले तरी ते ऱ शी आपोआप जुळतात, त्यात या ॲ ची सोय नाही. तोही आपणच जुळवायचा.

कोहाविषयी एक परिच्छेद मी आवर्जून ठेवला, आणि संपादकांनीही तो राहू दिला. आम्ही पुस्तकांच्या नोंदी कोहा या मोफत प्रणालीत ठेवतो. ही प्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयासाठी १९९९ साली लिहिली गेली आणि २००० च्या जानेवारीत तिथं सुरू झाली. त्यांची जुनी प्रणाली २००० साल झेपवणार नव्हती, खर्चाला पैसे बेताचे होते, म्हणून त्यांनी नवी करवून घेतली आणि सगळ्या जगाला मोकळी दिली. आज मोठमोठी विद्यापीठं ती वापरतात. गावाकडच्या ग्रंथालयाच्या अडचणीतून जगाला उपयोगी पडेल असं काही निघू शकतं, याचा याहून चांगला दाखला माझ्याजवळ नाही. आमच्याकडून त्यात भर पडली ती एवढीच: कोहात शोधाचं काम झेब्रा नावाचा भाग करतो, त्याला आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या पद्धतीनं सूची बांधायला सांगितलं की वर्ड्स-आयसीयू नावाची एक फाइल कामाला येते, त्या फाइलीत आम्ही दोन ओळी वाढवल्या आणि सूची पुन्हा बांधली. त्या फाइलीतली नियमांची साखळी नोंदींनाही लागते आणि वाचकानं टाइप केलेल्या शब्दालाही, त्यामुळं कोणी कसाही ‘वऱ्हाड’ लिहो, दोन्हीकडून तो एकाच रूपात येतो. कपाटातल्या एकाही पुस्तकाची नोंद हातानं बदलावी लागली नाही.

त्या दोन ओळी लेखात जशाच्या तशा द्याव्या लागल्या. मासिकाचा आग्रहच असतो की कोड दाखवा, वाचणाऱ्याला तो उचलून आपल्याकडं लावता आला पाहिजे. चित्रांचंही तसंच. मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून चालत नाही, पडद्याचंच चित्र घ्यायचं, अक्षरं वाचता येतील इतकं मोठं, आणि प्रत्येक चित्राखाली त्यात काय आहे ते शब्दांत लिहायचं, म्हणजे डोळ्यांनी अधू असलेल्या वाचकाला त्याचं वाचनयंत्र ते ऐकवू शकतं. हे शेवटचं काम मी सगळ्यात मन लावून केलं. दोन एकसारखे दिसणारे ‘वऱ्हाड’ शेजारी-शेजारी आहेत असं चित्र. ते न बघणाऱ्याला कसं सांगायचं? आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की इथं न बघणाऱ्याचंच बरं आहे. डोळ्यांना तो फरक दिसतच नाही. म्हणून चित्राखाली मी दोन्हींच्या चिन्हांचे क्रमांक ओळीनं लिहिले. संपादकांनी तेच उचलून लेखाच्या मुख्य मजकुरात एक तक्ता केला. माझ्या मते लेखातला सगळ्यात कामाचा भाग तो तक्ता आहे.

मासिक इंग्रजीत निघतं. मी मराठीत लिहिलं, सरांनी आणि मी मिळून ते इंग्रजीत नेलं. मराठी मसुदा टाकून दिला नाही. तो आमच्या वाचनालयाच्या संगणकावर आहे, आणि जिल्ह्यातल्या ज्या वाचनालयांत कोहा आहे त्यांना तोच पाठवते. लेखाचे हक्क लेखकाकडंच राहतात, परवाना मोकळा असतो, नाव दिलं की कोणीही वापरावं, भाषांतर करावं, बदल करावेत. त्यामुळं हे पाठवायला कोणाची परवानगी काढावी लागत नाही.

पैशांची गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. या मासिकानं माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. आपल्याकडं प्राध्यापकांच्या, ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप गटांवर रोज जाहिराती येतात: लेख पाठवा, शुल्क भरा, आठवड्यात प्रसिद्ध, प्रमाणपत्र मोफत. बढतीसाठी गुण लागतात, गुणांसाठी छापील लेख लागतात, म्हणून माणसं पैसे भरतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही, पोटाचा प्रश्न असतो. पण त्या वाटेनं गेलेला लेख कोणी वाचत नाही. ज्यानं छापला तोही वाचत नाही. ‘ड वर्ग म्हणजे काय’ असं तिथं कोणी विचारणार नाही, ‘चिन्ह सरसकट का काढलं नाही’ असं तर नाहीच. हुशार, कामसू माणसाच्या हातून लिहून घ्यायचं आणि ते कोणाच्या डोळ्यांखालून जाऊ द्यायचं नाही, हे फार मोठं नुकसान आहे. विदर्भातल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत मी अशी माणसं बघितली आहेत की ज्यांनी फाटक्या पुस्तकांची बांधणी, जुन्या हस्तलिखितांची निगा, आदिवासी पाड्यांवर पेटी नेऊन पुस्तकं वाटणं, अशी कामं वर्षानुवर्षं केली. आणि त्यांच्या नावावरचे लेख मात्र ‘माहिती युगातील आव्हाने’. त्यांना एकच माणूस भेटायला हवा होता, जो विचारेल, तुम्ही नेमकं काय केलं?

लेख तयार करायचा काळ पावसाळ्यातला होता. वीज जाते, गेली की दुपारभर येत नाही. मोबाइलच्या डेटावर मेल पाठवायचे. तिकडं रात्र असताना इकडून उत्तर जायचं, इकडं मी सकाळी कुलूप उघडेपर्यंत पुढचा प्रश्न येऊन पडलेला असायचा. ज्या बाईनं माझा लेख हाताळला तिचा चेहरा मी बघितला नाही. पण आमच्या गावच्या वाचनालयात दाखल नोंदवही कशी ठेवतात, देवघेव कशी चालते, सोयाबीन काढणीच्या दिवसांत वाचक का कमी होतात, हे तिला चांगलं माहीत आहे. तिनं ते विचारलं होतं.

लेख आल्यावर मला दोन मेल आले ते माझ्या दृष्टीनं खरे. एक कोकणातल्या एका वाचनालयातून: आमच्याकडं ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ सापडत नव्हत्या, सापडल्या. दुसरा नेपाळी नोंदी करणाऱ्या एका ग्रंथपालाचा. त्यांच्याकडंही आडवा र आहे आणि जोडचिन्हाची तीच भानगड. त्याला आमच्या दोन ओळी लागल्या नाहीत तशाच्या तशा, त्यानं त्यात आपल्या भाषेसाठी आणखी भर घातली आणि ती मला पाठवली. ती मी आमच्या फाइलीखाली त्याच्या नावानं जोडून ठेवली आहे.

आता पुढचा सारांश पाठवला आहे. विषय जुन्या फॉन्टचा. युनिकोड गावापर्यंत यायच्या आधी अनुदानाच्या प्रस्तावासोबत जायच्या पुस्तकांच्या याद्या तालुक्याच्या टायपिंग सेंटरवर करून घेत. त्या फाइली अजून आहेत. उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर फक्त चेहऱ्यापुरतं असायचं, आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर वाचायचं कसं? वाळवी लागून गेलेल्या पुस्तकांची नावं फक्त त्या याद्यांत उरली आहेत. एका फॉन्टचा तक्ता तयार झालाय, कोणतं चिन्ह कोणत्या अक्षराचं. दुसऱ्याचा चालू आहे. आडवा र तिथं तिसऱ्याच जागी बसवलेला आहे, आणि संपादकांचा पहिला प्रश्न त्यावरच येणार, म्हणून त्याची चित्रं आधीच काढून ठेवली आहेत.